उंदीर नांवाचा हत्ती



हल्लीं पुष्कळ घरांत दिवेलागणीनंतर एखाद्या खोलीचें दार लोटलेलें असतें आणि आंतून तोफांचे धडाके ऐकूं येतात. आंत कोणी चित्रपट पाहत नसतो. घरांतील चिरंजीव, आणि कांहीं घरीं कन्यारत्नही, संगणकापुढें बसून रणगाडा हांकीत असतात. शेंकडों कोसांवरील कोणा अपरिचित घरांत तसाच दुसरा कोणी बसलेला असतो आणि दोघांमध्यें घनघोर युद्ध चाललेलें असतें. वडील मंडळी दारांतून क्षणभर डोकावतात, पडद्यावरचा धूर पाहतात आणि हा सारा बोटांच्या चपळाईचा खेळ आहे, असा अभिप्राय देऊन जेवणाची वर्दी देतात. हा समज सर्वस्वी खरा नाहीं. तें दाखविण्यासाठीं मीं या खेळांतील चपळ गाड्यांना आज मुद्दाम रजा दिली असून एका अत्यंत मंद व अत्यंत जड गाड्याचे गुणदोष आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. खेळाचें नांव वर्ल्ड ऑफ टॅंक्स. बेलारूस देशांतील मिन्स्क शहरीं स्थापन झालेल्या वॉरगेमिंग नांवाच्या कंपनीनें तो प्रथम २०१० सालीं रशियांत आणि २०११ सालीं युरोप-अमेरिकेंत खुला केला. नेहमींच्या लढाईची रीत सोपी आहे. एका बाजूस पंधरा खेळाडू, दुसऱ्या बाजूस पंधरा. प्रत्येकाजवळ एक रणगाडा. मुदत पंधरा मिनिटें. समोरचे पंधराही गाडे निकामी करावे, अथवा शत्रूच्या तळावर जाऊन ठाण मांडावें व तळ जिंकून घ्यावा; दोहोंपैकीं कांहींही आधीं साधलें कीं लढाई संपली. प्रत्येक गाड्याला प्राणाचे ठराविक अंक दिलेले असतात. खेळाडू त्यांस हिट पॉइंट म्हणतात. आपण प्राणांक म्हणूं. गोळा चिलखत भेदून आंत शिरला म्हणजे अंक घटतात, आणि घटतां घटतां शून्य झाले कीं गाडा त्या लढाईपुरता संपला. पुष्कळ संगणकीय खेळांत पडलेला वीर दहा सेकंदांत पुन्हां धांवूं लागतो. येथें तसें नाहीं. येथें मेला तो मेला. म्हणूनच या खेळांत जपून राहण्याला आणि विचार करण्याला किंमत आहे.

आमचा आजचा नायक जर्मन आहे. त्याचें नांव माउस. जर्मन भाषेंत माउस म्हणजे उंदीर. वजन १८८ टन. साडेचार टनांचा एक हत्ती धरला तर ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यांत बेचाळीस हत्ती घालावे, तेव्हां कोठें हा उंदीर जमिनीवरून उचलला जाईल! अशा धुडाला उंदीर म्हणणें म्हणजे वाहनाचें नांव खुद्द गजाननाला देण्यासारखें आहे. आणखी गंमत अशी कीं, मुलें ज्या चिमुकल्या उपकरणानें हा गाडा हांकतात त्यालाही आपण माउसच म्हणतों.

हा गाडा कोणा खेळ रचणाऱ्याच्या कल्पनेंतून निघालेला नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, त्याची रचना फर्डिनंड पोर्शे यांच्याकडे सोंपविण्यांत आली. दोनच गाडे प्रत्यक्ष उभे राहिले. १२८ मिलिमीटर तोंडाची मोठी तोफ, तिच्या शेजारीं ७५ मिलिमीटरची लहान तोफ, आणि पुढच्या अंगाला २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर जाड पोलाद. इंजिन थेट चाकांना जोडलेलें नव्हतें. तें विजेचें जनित्र फिरवी आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटारी साखळपट्टे ओढीत. एवढा खटाटोप करून ताशीं २० किलोमीटरांची गति मिळावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत ती १३ च्या आसपास राहिली. आणि पुलांचें काय? सामान्य पूल हें वजन पेलणार नाहीं हें उघड होतें. म्हणून नदी पुलावरून न ओलांडतां तिच्या तळावरून चालत ओलांडावी, अशी योजना होती. पाण्याखालीं इंजिन चालत नाहीं. तेव्हां कांठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माउसनें लांब तारेनें पहिल्याला वीज पुरवावी, आणि पहिला पैलतीरीं लागला कीं त्यानें तिकडून दुसऱ्याला तशीच वीज द्यावी. ही तार श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या यंत्राची शत्रूशीं गांठ पडलीच नाहीं. १९४५ सालीं रशियन सैन्य जवळ येऊन ठेपलें तेव्हां जर्मनांनीं आपल्या हातांनींच तें सुरुंगानें उडविलें. रशियनांनीं पुढें एकाचा देह आणि दुसऱ्याचा बुरूज जुळवून एक पुरा गाडा केला. तो मॉस्कोजवळील कुबिंका येथील संग्रहालयांत ठेवलेला आहे. खऱ्या युद्धांत ज्याच्या वांट्याला एकही लढाई आली नाहीं, तो या खेळांत मात्र रोज लढतो, रोज मरतो आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभा राहतो.

खेळानें त्याला पुष्कळ माफीही दिली आहे. येथें त्याच्या वजनानें पूल कोसळत नाहीं, पेट्रोल संपत नाहीं, आगगाडीचा खास डबा शोधावा लागत नाहीं, आणि एका गाड्याच्या पोलादांत किती साधे गाडे झाले असते हा हिशेब कोणी विचारीत नाहीं. ज्या दोषांनीं खरा माउस मारला ते बहुतेक रणांगणाबाहेरचे होते, आणि खेळ रणांगणाबाहेर पाऊल टाकीत नाहीं. एवढी सूट मिळूनही एक दोष त्याला चिकटून राहिला आहे. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वीं गुण पाहूं.

पहिला गुण अर्थात् चिलखत. परंतु चिलखताची जाडी निराळी आणि चिलखताचा उपयोग निराळा. या दोहोंच्या मध्यें भूमिति उभी आहे, आणि ती माझ्यासारख्या केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरालाही कळण्याजोगी आहे. काकडी सरळ कापली तर वाटोळी चकती पडते. सुरी तिरपी धरली तर त्याच काकडीची चकती लांबट होते, कारण सुरीला अधिक वाट कापीत जावें लागतें. गोळ्याचेंही तसेंच. २०० मिलिमीटरांचा पत्रा गोळ्यासमोर नीट सरळ असेल तर २०० मिलिमीटर पोलाद भेदावें लागतें. तोच पत्रा ४५ अंशांनीं तिरका झाला तर सुमारें २८३, आणि ६० अंशांनीं झाला तर पुरे ४००. पोलाद तेंच, वजन तेंच. उभें राहण्याची तऱ्हा तेवढी बदलली. माउसच्या नाकाचा वरचा पत्रा मुळांतच ५५ अंशांनीं मागें कललेला आहे. त्यामुळें तेथें २०० चे जवळजवळ ३५० होतात. खालचा पत्रा ३५ अंशच कललेला, म्हणून तेथें २४४ वर काम भागतें. आतां पाहा: या खेळांत माउसच्या स्वतःच्या मोठ्या तोफेचा साधा गोळा सरासरीनें २४६ मिलिमीटर पोलाद भेदतो. म्हणजे समोर दुसरा माउस उभा असला तर वरच्या पत्र्यावर टाकलेला गोळा वायां जाणार, आणि हातभर खालीं टाकलेला बहुधा आंत शिरणार. अभेद्य म्हणून ज्याची ख्याति त्याचें मर्मस्थान असें हाताच्या अंतरावर आहे!

म्हणून जाणता खेळाडू नाकाचा तो खालचा भाग कधीं उघडा ठेवीत नाहीं. एखादी पडकी भिंत, दगडांचा ढीग, किंवा मेलेल्या गाड्याचा सांगाडा पुढें घेऊन तो उभा राहतो. याहूनही सुरेख एक युक्ति आहे. खेळाचा नियम असा कीं, साधा गोळा पत्र्यावर फार निसटता आला, म्हणजे सरळ आघातापासून त्याचा कोन ७० अंशांच्या पलीकडे गेला, तर कांहीं अपवाद सोडून तो पत्र्यावरून घसरून उडून जातो. तळ्याच्या पाण्यावर भाकऱ्या खेळणाऱ्या मुलाला हा नियम समजावून सांगावा लागत नाहीं. माउसचा खेळाडू इमारतीच्या कोपऱ्यामागें जातो, नाक भिंतीकडे करतो, आणि मागें सरकत सरकत आपली बाजू अगदीं निसटत्या कोनांत रस्त्यावर काढतो. शत्रूला बाजूचा लांबलचक पत्रा दिसतो, मोह होतो, तो गोळा टाकतो आणि गोळा ठिणगी उडवून आकाशाच्या वाटेला लागतो. तेवढ्यांत माउसचा बुरूज वळलेला असतो. मात्र ही कला मापानेंच करावी लागते. गाडा जितका अधिक वळवावा तितकें नाक सुरक्षित होतें आणि तितकीच बाजू उघडी पडते, कारण दोन्ही पत्रे काटकोनांत जोडलेले आहेत. कोटिकोन शिकवितांना मुलें जांभया देत असत. त्यांच्यापैकीं कांहीं आतां रात्रीं अकरा वाजतां तेच कोन मोठ्या आस्थेनें मोजीत बसले असतील, अशी माझी कल्पना आहे.

बुरुजाच्या तोंडाचीही एक खोड सांगून ठेवतों. त्याचे दोन गाल त्यांतल्या त्यांत सपाट आहेत. गोळा भरला जाईपर्यंत बुरूज शत्रूकडे तसाच रोखून धरला तर गालावर नेम धरायला त्याला फुरसत मिळते. म्हणून गोळा सुटला कीं बुरूज थोडा इकडे, थोडा तिकडे हलवीत राहावा. हत्ती उभ्या जागीं डुलतो तसा.

दुसरे दोन गुण थोडक्यांत आटोपतों. त्याच्या बरोबरीच्या श्रेणीतील मध्यम गाड्यांना प्राणांक सुमारें दोन हजार असतात, माउसला तीन हजारांच्या आसपास. त्याची तोफ एका गोळ्यांत सरासरीनें ४९० अंक हिरावून घेते. खेळांत दैवाचा वांटा एक चतुर्थांश ठेवलेला असल्यामुळें हा आंकडा कधीं ३७० वर उतरतो तर कधीं ६१० पर्यंत चढतो. मध्यम गाडा अशा चारपांच गोळ्यांत संपतो. परंतु दोन गोळ्यांच्या मध्यें दहाबारा सेकंदांचें अंतर पडतें, आणि तेवढ्या अवकाशांत चपळ शत्रु कोपऱ्याआडून बाहेर येऊन, गोळा टाकून, पुन्हां आड झालेला असतो.

आतां मुख्य गोष्ट. चिलखताची किंमत केव्हां? शत्रु त्याच्यावर गोळे टाकील तेव्हां. माउसवर दहा गोळे आपटले आणि आठ उडून गेले, तर ते आठ गोळे शेजारच्या नाजूक गाड्यांवर पडले नाहींत, हा त्याचा खरा पराक्रम. लढाई संपल्यावर खेळ जो जमाखर्च दाखवितो त्यांत चिलखतानें अडविलेल्या नुकसानीचा एक आंकडा असतो. नवशिके त्याच्याकडे पाहतही नाहींत. परंतु जो माउस सर्वांच्या मागें राहून लांबून तोफ डागतो, तो आपलें सारें पोलाद नुसतें मिरवीत असतो. रिकाम्या माळावर बांधलेल्या तटासारखें तें. माउस पुढें असावा, सर्वांना दिसावा, सर्वांनीं त्याच्यावर तुटून पडावें, आणि त्याच्या खांद्याआडून सोबत्यांनीं आपलें काम साधावें. शत्रूचे पांच गाडे ज्या गल्लींत शिरणार असतात तेथें हा एकटा उभा दिसला कीं पांचही थबकतात. त्यांनीं थबकण्यांत घालविलेलें प्रत्येक मिनिट दुसऱ्या बाजूस लढणाऱ्या माउसच्या सोबत्यांना मिळतें.

आणि मिनिट हा शब्द निघाला म्हणजे दोषाकडे यावेंच लागतें.

खेळांत माउसची सर्वाधिक गति ताशीं २० किलोमीटर ठरविलेली आहे, तीही सपाट व घट्ट जमिनीवर. पाटीवरचें गणित करूं. ताशीं २० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ३३३ मीटर. या खेळांतील बहुतेक रणभूमि सुमारें एक किलोमीटर लांब-रुंद चौकोनी आहेत. या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जावयास तीन मिनिटें. चढ लागला, चिखल लागला, तर चार किंवा पांच. ताशीं ६० नें धांवणारा हलका गाडा तेंच अंतर एका मिनिटांत तोडतो. पंधरा मिनिटांच्या लढाईंत तीन मिनिटें म्हणजे पांचवा हिस्सा, आणि कित्येक लढायांचा निकाल सहासात मिनिटांतच लागून गेलेला असतो. तेव्हां लढाई सुरू होतांच डावीकडे जावें कीं उजवीकडे, हा निर्णय हलक्या गाड्याच्या खेळाडूनें सहज घेतला तरी चालतो. चुकला तर तो मिनिटभरांत परतेल. माउसचा निर्णय एकदांच होतो. उशिरां पोंचणें हा मी त्याचा खरा दोष मानीत नाहीं. उशिरां पोंचणारे पुष्कळ असतात. त्याला परत येतां येत नाहीं, हा दोष आहे. पहिल्या अर्ध्या मिनिटांत दोन्ही बाजूंच्या याद्या वाचाव्या, आपले चपळ गाडे कोणीकडे वळतात तें पाहावें, शत्रु कोठें भेटेल याचा अंदाज करावा, आणि मग पुढील चौदा मिनिटांचें भवितव्य एका वळणावर टाकावें. बोटांची चपळाई येथें कांहीं कामाची नाहीं.

रणभूमीप्रमाणेंही हा दोष कमीअधिक होतो. हिमेल्सडॉर्फ नांवाची एक रणभूमि आहे. लहानसें जर्मन शहर, अरुंद रस्ते, उंच घरें, कोपरेच कोपरे. तेथें माउस म्हणजे आपल्या गल्लींतला पैलवान. उलट प्रोखोरोव्का पाहा. १९४३ सालीं रशियांत ज्या गांवाजवळ रणगाड्यांची मोठी लढाई झाली, त्याचें नांव घेतलेली ही मोकळी, झाडेंझुडपें नि लोहमार्ग असलेली भूमि. तेथें एवढें धूड लपणार कोठें? लांबवर झुडपांत दबलेले शत्रु त्याला सुखानें टिपतात आणि कोण टिपतो हेंही त्याला दिसत नाहीं. बुद्धिबळांतला हत्ती मोकळ्या पटावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धांवतो आणि गर्दींत अडकतो. या हत्तीचें सारेंच उलटें, गर्दींत शहाणा आणि मोकळ्यावर प्याद्याच्या चालीचा.

त्याहून वाईट प्रसंग म्हणजे एकटें पडणें. दुसऱ्या बाजूची आपली फळी मोडते, सोबती भराभर पडतात किंवा तळ वांचविण्यासाठीं मागें धांवतात, आणि माउस आपल्या गल्लींत एकटा उरतो. मग शत्रूचे दोनतीन मध्यम गाडे त्याच्याभोंवतीं फिरूं लागतात. त्याचा बुरूज जितका वेगानें वळतो त्याहून अधिक वेगानें ते त्याच्याभोंवतीं प्रदक्षिणा घालतात. एकजण पुढच्या चाकापाशीं गोळा टाकून साखळपट्टा तोडतो, दुसरा पाठीकडून पातळ पत्रा फोडतो. अवजड मोगली छावणीभोंवतीं संताजी-धनाजींचे घोडेस्वार कसे फिरत असतील याचें चित्र मराठी श्रोत्यांपुढें रंगविण्याची आवश्यकता नाहीं. तोच हा प्रकार, फक्त या वेळीं आपण छावणींत बसलेले असतों. अशा प्रसंगीं पाठ कोणत्या तरी भिंतीला लावावी, म्हणजे निदान तीन दिशा उरतात.

येथेंच ती नदीवरची तार आठवावी. एका माउसला पलीकडे जावयाचें तर दुसरा कांठावर उभा असला पाहिजे, हें पोर्शे यांच्या रचनाकारांना कागदावरच कळून चुकलें होतें. खेळांत तार नाहीं, पण कांठावर कोणी तरी लागतोच. त्याला दूरचें दाखविणारा एक हलका गाडा पुढें हवा, पाठ राखणारा एक मध्यम गाडा मागें हवा. आणि पंधरांतील बाकीचे चौदा खेळाडू कोण, हें त्याला लढाईपूर्वीं ठाऊकही नसतें! अनोळखी माणसांच्या भरंवशावर एवढें वजन पुढें न्यावयाचें, हें धाडस हलक्या गाड्याला कधीं करावें लागत नाहीं.

आणखी दोन वैरी आहेत. एक लांब पल्ल्याच्या तोफा. त्या दूर मागें उभ्या राहून वरून गोळे टाकतात, आणि जो जागचा हलत नाहीं तो त्यांचा आवडता बळी. फार तक्रारी झाल्यावर २०१७ सालीं त्यांचे नियम बदलले. एका बाजूस तीनांहून अधिक तोफा नकोत असें ठरलें, आणि त्यांच्या गोळ्याची मारकशक्ति कमी करून त्याऐवजीं गाड्याला कांहीं काळ बधिर करण्याची शक्ति त्याला दिली. माउसला हा सौदा लाभाचा झाला असें मला वाटतें. दुसरा वैरी म्हणजे खास गोळा. खेळाडू त्याला सोन्याचा गोळा म्हणतात, कारण आरंभीं तो खऱ्या पैशानें घेतलेल्या खेळांतल्या सोन्यावरच मिळे. मागाहून तो खेळांत कमावलेल्या चांदीच्या नाण्यांवरही मिळूं लागला. हा गोळा साध्यापेक्षां पुष्कळ अधिक पोलाद भेदतो. ज्या बुरुजासाठीं माउसनें आपली सारी गति गहाण टाकली, तो बुरूज समोरच्यानें चार नाणीं अधिक टाकून फोडावा, हें मला न्यायाचें वाटत नाहीं. मंद गाड्यानें चिलखतासाठीं दिलेली किंमत प्रत्येक क्षणीं वसूल होते. त्याच्या मारेकऱ्यानें दिलेली किंमत लढाईनंतर दुरुस्तीच्या बिलांत मिसळून जाते. या व्यवहाराकडे पालकांनींही थोडें लक्ष ठेवावें. खेळ फुकट मिळतो, पण त्यांतील दुकान रात्रंदिवस उघडें असतें.

आतां थोडें घरचें. माझें वय साठीच्या पुढें गेलें आहे, आणि तरीही मी हा गाडा चालवितों. माझा नातू ताशीं ६० नें धांवणारे गाडे घेतो. तो मला म्हणतो, "आजोबा, तुम्ही पोंचेपर्यंत लढाई संपते." मी म्हणतों, "बाळ, तूं पोंचतांच तुझी संपते, माझी निदान सुरू तरी व्हायची असते." हा विनोद सोडला तरी त्यांत तथ्य आहे. हलक्या गाड्याच्या खेळाडूला अर्ध्या सेकंदांत जें करावें लागतें तें आतां माझ्या बोटांना साधणार नाहीं. माउसमध्यें मला पांच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळांत मी कोन पाहतों, शत्रूनें नुकताच गोळा सोडला कीं नाहीं तें मोजतों, आणि मगच कोपऱ्याबाहेर येतों. वर्गांत प्रश्न विचारतांच हात वर करणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं, आणि पाटीवर शांतपणें आंकडे मांडून तास संपतां संपतां बरोबर उत्तर आणणारींही पाहिलीं. दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठीं वेळापत्रकांत जागा नसे. या खेळ रचणारांनीं ती ठेवली, याचें मला कौतुक वाटतें.

खऱ्या सैन्यांतही मंद गाड्याला अशी ठरलेली जागा असे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ सालीं सुरू झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. सुटींत मुलांना घेऊन जाण्याजोगें तें ठिकाण आहे. तेथें ब्रिटिशांचे माटिल्डा व चर्चिल या जातीचे गाडे अवश्य पाहावे. या दोहोंना ब्रिटिश सैन्य पायदळाचे गाडे म्हणे. पायीं चालणाऱ्या शिपायाच्या पुढें त्याच्याच पावलानें चालावयाचें आणि त्याच्यावर येणाऱ्या गोळ्या आपल्या अंगावर घ्यावयाच्या, हें त्यांचें काम. म्हणून चिलखत जाड आणि गति ताशीं २४ किलोमीटरांच्या आसपास. शिपायाहून फार पुढें धांवणारा गाडा त्या कामीं निरुपयोगी ठरला असता. माउसच्या रचनेंत मात्र हा विचार मला दिसत नाहीं. तो कोणाच्या पावलानें चालणार, याचें उत्तर न ठरवितांच त्याचें वजन वाढवीत नेलें. खेळांतील खेळाडूला तें उत्तर दर लढाईंत नव्यानें शोधावें लागतें.

शेवटीं, त्याच्या वैभवाचा क्षण सांगतों. बारावें मिनिट चाललें आहे. दोन्हीकडचे बहुतेक गाडे पडले आहेत. आपल्याकडे माउस आणि एक हलका गाडा, शत्रूकडे तीन. तिघांनाही खरचटलेलें, कोणाचे प्राणांक चारशें, कोणाचे सहाशें. माउसचे अद्याप हजारभर शिल्लक. आतां शत्रूला लांब जावयाचें नाहीं. त्यालाच तळावर यावें लागणार आहे. माउस तळाजवळच्या कोपऱ्यांत नाक भिंतीकडे करून उभा राहतो. मंदपणाची आतां कोणाला आठवणही नाहीं, कारण जावयाचें कोठेंच नाहीं. हलका गाडा पुढें डोकावून शत्रु दाखवितो. पहिला शत्रु येतो, घाईनें बाजूवर गोळा टाकतो, गोळा उडतो. माउसचा गोळा सुटतो आणि तो शत्रु संपतो. दहाबारा सेकंद. दुसरा सावध असतो, तो नाकाचा खालचा पत्रा शोधतो, पण तो भिंतीआड आहे. तिसरा मागून येऊं पाहतो. त्याला हलका गाडा अडवून धरतो, क्षणभरच, पण बुरूज फिरायला तेवढा क्षण पुरतो. अशा लढाया नेहमीं जिंकल्या जात नाहींत. तिसरा गाडा आपल्या सोबत्याला चुकवून मागें पोंचला तर हाच प्रसंग दहा सेकंदांत उलटतो, आणि कोपऱ्यांतील तो पोलादाचा डोंगर धूर सोडीत उभा राहतो.

लढाईप्रमाणें या भाषणालाही मुदत आहे, आणि निवेदकांनीं कांचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखविलें आहे. साखळपट्टा कसा दुरुस्त करावा आणि बुरुजांत कोणतीं साधनें बसवावीं, हें सांगावयाचें राहून गेलें. तें आपल्या घरांतील तरुण मंडळींना विचारावें, त्यांना तें माझ्याहून चांगलें येतें.